बावट्याचा खर्च कोणाचा?

दापोली तालुक्यातल्या एका बंदरावर दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी एका तांडेलाबरोबर, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याबरोबर, उभा होतो. बोट निघायच्या बेतात होती. खणात बर्फ भरून झाला होता, डिझेलची टाकी भरलेली, दहा दिवसांचा शिधा, कांद्याचं पोतं, गॅसचं सिलिंडर, सगळं चढलेलं. तेवढ्यात एका खलाशाच्या मोबाइलवर तो नेहमीचा मजकूर आला. वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. कोणीतरी ओरडलं, "तीन नंबरचा बावटा लागला!" तांडेल जाळ्याची गाठ मारत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "कितवा तीन?"

सगळे हसले, मीही हसलो. त्या महिन्यातला तो तिसरा तीन नंबर होता. आधीच्या दोनांपैकी एकदा वारा आला होता, एकदा नुसतंच आभाळ भरून आलं आणि गेलं. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "बावटा लावायला काय पैसे पडत नाहीत, भाऊ. पाळायला पडतात." त्या दिवशी बोट थांबली. पुढे काय झालं ते नंतर सांगतो, कारण मला जे म्हणायचं आहे ते या एका वाक्यातच आहे.

आपल्याकडे चक्रीवादळ येऊन गेलं की वाद ठरलेला असतो : अंदाज बरोबर होता की चूक? हवामान खातं म्हणतं आम्ही सांगितलं होतं, राज्य सरकार म्हणतं आम्हाला उशिरा कळलं, मच्छीमार म्हणतात आमच्यापर्यंत काही पोचलंच नाही. चार दिवस वाहिन्यांवर ही टोलवाटोलवी चालते. या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही. अंदाज बरोबर आहे, वेळेवर पोचला आहे, कळलाही आहे. तो पाळला तर त्या दिवसाची चूल कोणी पेटवायची? इशारा पाळायला पैसे पडतात आणि ते सगळेच्या सगळे आपण इशारा ऐकणाऱ्यावर टाकले आहेत. हे बदललं नाही तर उपग्रह, महासंगणक, मोबाइल अ‍ॅप यांवर आणखी कितीही पैसे ओतले तरी ते किनाऱ्यावरच जिरणार.

हवामान खात्याला नावं ठेवणं हा आपला जुना विरंगुळा आहे. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद माझ्या आजोबांच्या वेळीही शिळा झाला असेल. चक्रीवादळांच्या बाबतीत मात्र तो आता अन्यायाचा आहे. जागतिक हवामान संघटनेने उष्णकटिबंधातल्या चक्रीवादळांसाठी सहा विभागीय केंद्रं नेमली आहेत : मायामी, होनोलुलू, टोकियो, नवी दिल्ली, ला रियुनियन आणि फिजीतलं नांदी. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र दिल्लीच्या वाट्याला आले आहेत. येमेन-ओमानपासून थायलंडपर्यंतचे तेरा देश या व्यवस्थेत आहेत. चोवीस तास आधी सांगितलेल्या मार्गातली सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या खाली आली आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या काही डझनांत राहिली. एवढा फरक नुसत्या नशिबाने पडत नाही.

पण ओडिशाचं ते यश जमिनीवरचं आहे, हे आपण विसरतो. गावातल्या माणसाला पोलीस दारात येऊन सांगतात, तो गाठोडं बांधतो आणि निवारा केंद्रात जाऊन खिचडी खातो. दोन दिवसांनी परततो. समुद्रावरच्या माणसाला चालत जाता येत नाही. किनाऱ्यापासून दहा-बारा सागरी मैलांपुढे त्याचा मोबाइल मुका होतो. आणि मुख्य म्हणजे तो तिथे गेलेला असतो तो कर्ज काढून.

२०१७ चं ओखी चक्रीवादळ आठवा. २९ नोव्हेंबरच्या सकाळी श्रीलंकेजवळ डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, तयार झालं आणि ३० तारखेच्या सकाळी त्याचं चक्रीवादळ झालं होतं. मधे जेमतेम एक दिवस. कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमच्या शेकडो बोटी त्याआधीच कित्येक दिवस खोल समुद्रात होत्या. आपली चार टप्प्यांची इशारा पद्धत आठवा : ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा, आणि १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यावर काय होईल याचा अंदाज. ही घड्याळं जमिनीची आहेत. किनाऱ्यावर हवा कधी बिघडेल किंवा वादळ कधी धडकेल तिथून ती उलटी मोजली जातात. दहा-बारा दिवसांच्या फेरीवर गेलेल्या बोटीला वादळ किनाऱ्यावर कधी येणार याच्याशी कर्तव्य नसतं, ते तिच्या डोक्यावर आज रात्री आहे की नाही याच्याशी असतं. ओखीच्या वेळी मच्छीमारांसाठी इशारे निघाले होते, पण जो माणूस आठ दिवसांपूर्वी निघाला त्याच्या कानावर ते पडणार कसे? केरळ आणि केंद्र यांच्यात कोणाचं पत्र किती वाजता पोचलं यावर मग बराच काथ्याकूट झाला. पुढच्या वर्षी तिरुवनंतपुरमला चक्रीवादळ इशारा केंद्र झालं, हे त्यातलं चांगलं फलित.

त्या डिसेंबरात साठाहून अधिक परमुलखातल्या बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. साडेनऊशेच्या आसपास माणसं, बहुतेक बोटी केरळच्या. देवगडकरांनी त्यांना जेवू घातलं. भाषा कळत नव्हती, पण वादळातून सुटलेल्या माणसापुढे भात वाढायला मल्याळम यावं लागत नाही. कोकणाला हे जवळचं होतं, कारण इथे फयान चक्रीवादळ होऊन गेलेलं. ११ नोव्हेंबर २००९. अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान ते जमिनीवर आलं, पण त्याने माणसं नेली ती आधी, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या समुद्रात. आमच्याकडे अजून मुलांची वयं "फयानच्या साली" अशी सांगतात.

आता तौक्ते चक्रीवादळाची गोष्ट, जी मला ओखीहून जास्त अस्वस्थ करते. मे २०२१. अंदाज जवळपास आदर्श होता. आठवडाभर आधीपासून सूचना निघत होत्या, वादळ सांगितलं तसं किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर दीवच्या आसपास धडकलं. त्याच दिवशी मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात नांगरलेला पी-३०५ हा राहण्याचा तराफा नांगर तुटून भरकटला, एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. तो तराफा आणि वरप्रदा हा टग (जहाजं ओढणारी बोट) मिळून ८६ जण गेले. ही माणसं अडाणी नव्हती, संपर्काबाहेर अडकलेली नव्हती, इशारा न पोचण्याचा प्रश्न नव्हता. बाकीची अनेक जहाजं हलली, हा तराफा तिथेच राहिला. का राहिला, याची चौकशी झाली; त्यात मी शिरत नाही. पण काम थांबवून बंदरात येणं म्हणजे दिवस बुडणं, हे गणित समुद्रावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात असतं. कंपनीच्या तराफ्यावर ते असतं तर तांडेलाच्या डोक्यात का नसावं?

हे गणित नीट मांडायला हवं, कारण शहरातून ते हावरटपणासारखं दिसतं. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत जाळी विणणं, बोट रंगवणं, इंजिन काढून दुरुस्त करणं, सगळा खर्चच खर्च. मालक व्यापाऱ्याकडून उचल घेतो, खलाशी मालकाकडून. ऑगस्टला बोट उतरते ती फेडीचं ओझं घेऊनच. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस असतोच, त्यामुळे खरे कमाईचे महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसऱ्या टोकाला मे महिना : बंदीआधीच्या शेवटच्या फेऱ्या, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीचे पैसे त्यातून निघायचे. आणि अरबी समुद्रातली चक्रीवादळं कधी येतात? मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळांचा हंगाम आणि पैशांचा हंगाम निसर्गाने एकाच पानावर छापला आहे.

त्यात बोटीचा हिशेब वाट्याचा. मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो आणि उरलेल्यात मालक, तांडेल, खलाशी यांचे हिस्से पडतात. भरलेली बोट बंदरात उभी राहिली तर बर्फ वितळतो तो सगळ्यांच्या खात्यातून. बारक्या होडीवाल्याचं तर याहून सरळ आहे. आज गेला नाही, आज नाही.

आता सरकार काय करतं ते पाहा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे, मृत्यू झाला तर पाच लाख रुपये. चांगली गोष्ट आहे, ती असायलाच हवी. पण या व्यवस्थेतून तांडेलाला काय ऐकू येतं? इशारा मोडून मेलास तर पाच लाख. इशारा पाळून घरी बसलास तर काही नाही. कोणी मुद्दाम असं ठरवलं नसेल, पण झालंय ते असं.

कधीमधी मदत मिळते, नाही असं नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही वादळं पाठोपाठ आली. क्यार तर महाचक्रीवादळ होतं, २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. कोकणच्या किनाऱ्यावर दोन्हींपैकी एकही धडकलं नाही, पण ऐन हंगामातले आठवडे बुडाले. राज्य सरकारने सुमारे ६५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं ते पुढच्या वर्षी. मोर्चे, निवेदनं, अधिवेशनातले प्रश्न, पंचनामे, मग शासन निर्णय. अशी मदत अनुकंपा असते. ती मिळेल का, किती, कधी, हे ऑक्टोबरात बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला माहीत नसतं. म्हणून तिचा त्याच्या त्या दिवसाच्या निर्णयावर काडीइतकाही परिणाम होत नाही. निर्णय बदलायचा तर पैसे येणार हे त्याला बावटा लागतानाच ठाऊक हवं.

माझी मागणी साधी आहे. खात्याने एखाद्या किनारपट्टीला मच्छीमारांसाठी इशारा दिला की तो दिवस आपोआप भत्त्याचा दिवस व्हावा. अर्ज नाही, पंचनामा नाही, नुकसान झालं की नाही याची विचारपूस नाही. इशारा हाच पुरावा. रक्कम डोळे दिपवणारी नको. रोजगार हमीच्या मजुरीच्या दराने सुरुवात झाली तरी चालेल. केरळने २०२१ मध्ये इशाऱ्यांमुळे बुडालेल्या दिवसांसाठी कुटुंबामागे ३००० रुपये दिले, म्हणजे कल्पना काही परग्रहावरची नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा आणि सेंट लुशिया या चिमुकल्या देशांनी २०१९ पासून मासेमारीसाठी असा विमा घेतला आहे, ज्यात वारा, लाटा, पाऊस यांचे आकडे ठरलेल्या रेषेपुढे गेले की पैसे सुटतात. आपल्याकडे तर गाडी अर्धी तयार उभी आहे. मत्स्यसंपदा योजनेतच बचत-नि-मदत असा भाग आहे : मच्छीमाराने १५०० भरायचे, सरकारने ३००० घालायचे आणि बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांत ४५०० परत द्यायचे. खाती आहेत, याद्या आहेत. त्याच वाटेने इशाऱ्याच्या दिवसाचे पैसे का जाऊ नयेत?

शिवाय हे महाराष्ट्राला शिकवायला लागू नये. काम मागणाऱ्याला काम देता आलं नाही तर राज्याने भत्ता द्यावा, हे तत्त्व वि. स. पाग्यांच्या रोजगार हमीतून या राज्यानेच १९७७ मध्ये कायद्यात आणलं. इथे तर सरकार स्वतःच सांगतंय की आज कामावर जाऊ नकोस. जमिनीवरच्या मजुराला जे तत्त्व लावलं ते खलाशाला लावायला पन्नास वर्षं पुरली नाहीत.

याला दोन आक्षेप येतात. पहिला फसवणुकीचा : पैसे घेतील आणि रात्री गुपचूप जातील. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ केला. उपग्रहाच्या मदतीने बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर कळणार, आणि किनाऱ्यावरचा इशारा बोटीवर. ही यंत्रं धोक्यासाठी आणि सीमा ओलांडू नये म्हणून आहेत, पण ती आणखी एक गोष्ट सांगतात : कोणती बोट बंदरात थांबली. पाळणाऱ्याचा पुरावा सरकार स्वतःच्याच पैशाने गोळा करणार आहे. त्याचा उपयोग फक्त न पाळणाऱ्याला दंड करायलाच होणार असेल, तर तांडेल ते यंत्र गोणपाटात गुंडाळून ठेवतील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो हवामान खात्यातल्या माणसांना आधी सुचेल. इशाऱ्याला पैसे जोडले की इशाऱ्यावर दबाव येणार. वित्त खातं म्हणेल जरा जपून, दरवेळी कशाला; मच्छीमारांचे पुढारी म्हणतील आणखी दोन दिवस वाढवा. हा धोका खरा आहे. नवाही नाही. समुद्री इशाऱ्यांची पद्धत ज्याने ब्रिटनमध्ये सुरू केली त्या रॉबर्ट फिट्झरॉयला तो पहिल्याच दिवसांत भोगावा लागला. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा हा कप्तान. १८५९ मध्ये रॉयल चार्टर नावाचं जहाज वादळात फुटून साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली, त्यानंतर त्याने तारायंत्रावरून हवेच्या बातम्या मागवून १८६१ पासून बंदरांवर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवायला सुरुवात केली. हवामानाला फोरकास्ट हा शब्दही त्याचाच. चुकलेल्या अंदाजांवर टिंगल झाली, शास्त्रज्ञ नाराज, बोटी बंदरात बसून राहतात म्हणून मासेमारी ताफ्यांचे मालक नाराज. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी इशारे बंद झाले. आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले, कारण दर्यावर जाणाऱ्यांनीच ते मागितले. आपल्या बंदरांवरचे एक ते अकरा नंबर त्याच घराण्यातले. एक-दोन म्हणजे दूर समुद्रात काहीतरी शिजतंय, तीन म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, चार म्हणजे वादळाचा, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरा म्हणजे इशारा केंद्राशी संपर्कच तुटला. (अकराची मला लहानपणी सगळ्यात जास्त भीती वाटायची.)

फिट्झरॉयच्या काळी थांबण्याचा तोटा मालकाचा होता आणि मालकाच्या हाती वर्तमानपत्रं होती. आपल्याकडे तोटा खलाशाचा आहे आणि त्याच्या हाती काही नाही, म्हणून इशारे देणाऱ्यावर कसलाच दबाव नाही. याचा परिणाम इशाऱ्यांच्या दर्जावर होतो. जास्तीचा इशारा दिला तर खात्याला काही भोगावं लागत नाही; एक चुकला तर संसदेत प्रश्न येतो. अशा जागी बसलेला कुठलाही सज्जन माणूस चार इशारे जास्त देईल. मीही देईन. पण बंदरावर त्याचं "कितवा तीन?" होतं. इशाऱ्याच्या दिवसाला किंमत लागली तर निदान कोणीतरी हिशेब ठेवील : या हंगामात या किनारपट्टीला किती दिवस बंद सांगितलं, त्यांतल्या किती दिवशी वारा खरोखर ४५ च्या वर गेला. चक्रीवादळांच्या मार्गाची चूक खातं दरवर्षी स्वतःहून प्रसिद्ध करतं आणि म्हणूनच ती कमी होत गेली. मच्छीमारांच्या रोजच्या इशाऱ्याचा असा ताळेबंद बंदराबंदरावर फळ्यावर लिहिला जावा. दबावाला उत्तर म्हणून मला एवढंच दिसतं : वाऱ्याची आणि लाटेची रेषा आधी ठरवा आणि ताळेबंद उघडा ठेवा.

मला दिल्लीच्या केंद्राची आणखी एक गोष्ट खटकते. तिथून रोज समुद्राचा आढावा निघतो. पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन होण्याची शक्यता नाही, कमी, मध्यम की जास्त, असं त्यात दिवसवार लिहिलेलं असतं. कमी म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत, मध्यम ६७ पर्यंत, पुढे जास्त. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाजही येतो. दहा दिवसांच्या फेरीवर निघणाऱ्या माणसाला हवी ती माहिती नेमकी हीच. पण ती इंग्रजीत, संगणकाच्या कागदात. त्याच्यापर्यंत उतरता उतरता तिचं "समुद्रात जाऊ नये" एवढंच उरतं. शक्यता गळून जाते, हुकूम राहतो. मच्छीमाराला टक्के कळणार नाहीत, असं अधिकारी खाजगीत म्हणतात. जो माणूस भरती-उधाण, भांग, मतलई वारा, पाण्याचा रंग आणि पक्ष्यांचे थवे यांवरून रोज पैजा लावतो, त्याला तीस टक्के आणि सत्तर टक्के यांतला फरक कळणार नाही? ज्यांना पगार एक तारखेला मिळतो त्यांनाच तो कमी कळतो, असा माझा अनुभव आहे.

भाषेचंही तसंच. "पूर्व-मध्य अरबी समुद्र" ही जागा नकाशावर आहे, तांडेलाच्या डोक्यात नाही. तो वावात, म्हणजे पाण्याच्या खोलीच्या जुन्या मापात, बोलतो : वीस वावात म्हाकूल (एक मासळी) लागलंय, पस्तीस वावाच्या पुढे पाणी ओढतंय. दीपगृह मागे किती राहिलं यावर तो अंतर धरतो. इशारा बंदराच्या नावाने आणि वावाच्या हिशेबाने सांगणं हे काही रॉकेटशास्त्र नव्हे. लाटेच्या उंचीचंही कोणी त्याला सांगितलेलं नसतं. अंदाजात तीन मीटर लिहितात ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तासांत त्याच समुद्रात एखादी लाट जवळजवळ दुप्पट, साडेपाच-सहा मीटरची येऊन जाऊ शकते. बोट उलटते ती त्या एका लाटेने. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे अंदाज फार चांगले देते. केरळच्या मच्छीमारांचा कल्लकडल, म्हणजे चोरसमुद्र, हा शब्द आता शास्त्रात गेला आहे : दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर वादळ होतं आणि इथे निरभ्र आकाशाखाली, वारा नसताना, समुद्र घरात शिरतो. मच्छीमाराचा शब्द शास्त्रज्ञांनी घेतला तर अंदाज लोकांना आपला वाटतो, याचं ते उदाहरण. कोकणातला एखादा शब्द कधी जाईल?

घाई करायला हवी, कारण इशाऱ्याचे दिवस वाढणार आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरातली थोडी घटली. अतितीव्र वादळं त्याहून जास्त वाढली आणि ती समुद्रावर अधिक काळ रेंगाळतात. पूर्वी आपल्याला शाळेत शिकवायचे की चार वादळं बंगालच्या उपसागरात, तर एक अरबी समुद्रात. तो धडा बदलायला आला आहे. पाणी तापलंय, तापलेल्या पाण्यावर वादळ एका रात्रीत दोन पायऱ्या चढतं, आणि असं झपाट्याने चढणारं वादळ ओळखणं अजून जगात कोणालाच नीट जमलेलं नाही. म्हणजे खातं सावधगिरीने जास्त इशारे देणार आणि ते बरोबरच असेल. त्यातला प्रत्येक दिवस कोणाच्या खिशातून जाणार, हे ठरवल्याशिवाय जास्त इशारे म्हणजे जास्त "कितवा तीन?"

एक गोष्ट मात्र या योजनेत सुरुवातीपासून नीट लिहावी लागेल. पैसे बोटीच्या मालकाच्या नावावर जमा झाले तर खलाशापर्यंत ते कितपत झिरपतील, हे डिझेलच्या परताव्यासाठी महिनोन्महिने थांबणारे मालकही सांगू शकणार नाहीत. आणि आमच्या बंदरांवर अर्धेअधिक खलाशी आता नेपाळचे किंवा परप्रांतांतले असतात. त्यांचं नाव कुठल्याच मच्छीमार सोसायटीच्या वहीत नसतं. वादळात बोट बुडाली की वर्तमानपत्रात तांडेलाचं नाव येतं आणि पुढे "आणि सहा खलाशी". इशाऱ्याचा भत्ता द्यायचा तर आधी या सहांची नावं लिहावी लागतील.

त्या ऑक्टोबरातली बोट दोन दिवस थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी खलाशी खणातलं बर्फाचं पाणी उपसत होते. वारा पडला होता, समुद्र तळ्यासारखा. फोनवरचा इशारा अजून चोवीस तास बाकी होता. तिसऱ्या दिवशी पहाटे मी चहाला बंदरावर गेलो तर बोट जागेवर नव्हती. मी आठवडाभर दापोलीतच होतो, रोज सकाळी समुद्राकडे बघायचो. सातव्या दिवशी ती परत आली, सुरमई बरी मिळाली होती, भावही चांगला लागला. लिलावाच्या गर्दीतून तांडेलाने मला हाक मारली आणि टोपलीकडे बोट दाखवून हसत म्हणाला, "बघितलंत ना, भाऊ?"

मी मान हलवली. दुसरं काय सांगणार होतो त्याला?